पान सहा, शेवटची ओळ

सोमवार, ४

आज मी एक वाक्य गाळलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. शिव्या आम्ही सगळेच गाळतो, तसा नियमच आहे. आजचं वाक्य मात्र शिवी नव्हतं.

सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते. सभागृहात माझी पाळी बारा दहाला सुरू झाली. दहा मिनिटं लघुलिपीत टिपून घ्यायचं, पुढचा प्रतिवेदक शेजारी येऊन बसला की उठायचं, वर जाऊन टंकयंत्रावर पानं काढायची आणि एकेक पान होईल तसं स्टेन्सिलला पाठवायचं. आमचं टेबल अध्यक्षांच्या आसनाच्या खाली आहे. आमची पाठ त्यांच्याकडे, तोंड सभासदांकडे. ध्वनिमुद्रणाचं यंत्र दोन वर्षांपूर्वी मंजूर झालंय. अजून मंजूरच आहे.

आरोग्यमंत्री उत्तर देत होत्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. मंत्रिमंडळात दुसरी बाई नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. सरकारचे सध्याचे नेते आजारी आहेत, पायउतार होताहेत. पुढच्या गुरुवारी सत्ताधारी पक्षाचे सदतीस सभासद नवा नेता निवडतील, आणि तोच सरकार चालवेल. बाई त्यासाठी उभ्या आहेत. त्या खुर्चीत आजवर बाई बसलेली नाही. त्यामुळे आठवडाभर सभागृहात बाजारासारखा गलका आहे.

अध्यक्ष घंटा वाजवून म्हणाले, “माननीय मंत्र्यांनी आता आटोपतं घ्यावं.” तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “एक नवरा सांभाळता आला नाही, राज्य काय सांभाळणार!” बाई क्षणभर थांबल्या. मग समोरच्या बाकांकडे हात करून म्हणाल्या, “ते आधी तुमच्या घरच्या बाईला विचारून या, मग मला शिकवा.”

मी सगळं टिपलं. वर आले, टंकायला बसले. ते नवऱ्याचं वाक्य सहाव्या पानावर अगदी शेवटच्या ओळीत येत होतं. मी ते टंकलंच नाही. कायम बांधून ठेवलेल्या खंडात, शंभर वर्षांनी कुणीही उघडावं आणि बाईंचा मोडलेला संसार तिथे वाचावा, हे मला बघवेना. शिवाय कोण ओरडलं ते नक्की सांगता येणार नाही, आणि नाव नसेल तर टोमणा नोंदवायचा नाही हाही नियमच. तर मी नियमानेच वागले. तरी मघापासून तीनदा उठून पाणी प्यायले.

मंगळवार, ५

घात झाला.

सकाळी सासूबाईंनीच वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पहिल्या पानावर, आमच्या छापील वृत्तांतातून जसंच्या तसं:

अध्यक्ष : माननीय मंत्र्यांनी आता आटोपतं घ्यावं.

आरोग्यमंत्री : ते आधी तुमच्या घरच्या बाईला विचारून या, मग मला शिकवा.

अध्यक्षांची पत्नी गेल्याला अजून चाळीस दिवस झालेले नाहीत.

सहावं पान ‘आटोपतं घ्यावं’वर संपलं होतं आणि सातवं बाईंच्या उत्तराने सुरू झालं. टंकताना मी पानं वेगवेगळी पाहिली, एकाखाली एक ठेवून वाचली नाहीत. नव्या भरतीतल्या मुलींना मी हेच पहिल्या दिवशी शिकवते.

“इतकी कशी गं ही निर्दयी?” सासूबाई म्हणाल्या. “म्हातारा बिचारा एकटा पडलाय.”

“आई, तसं नसेलही.”

“छापलंय ना? तुमच्याच कचेरीने छापलंय.”

मी चहा निवत ठेवून उठले.

बाई म्हणतात, समोरून टोमणा आला, त्याला ते उत्तर होतं. विरोधक म्हणतात, आमच्यातलं कुणी बोललंच नाही, दाखवा वृत्तांतात. गलका एवढा होता की टोमणा नीट कुणी ऐकलेला नाही. बाईंचं उत्तर मात्र ध्वनिक्षेपकातून कोपऱ्याकोपऱ्यात गेलं. विरोधकांनी बाईंवर हक्कभंगाचा प्रस्ताव दिला आहे. पुढच्या बुधवारी तो सभागृहासमोर येईल, म्हणजे निवडीच्या आदल्या दिवशी. सगळे एकच वाक्य म्हणताहेत: वृत्तांत म्हणजे वृत्तांत.

बुधवार, ६

आमच्या प्रमुखांना आम्ही आपसात ‘कातरी’ म्हणतो. पाल्हाळ दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. आज त्यांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं नाही. म्हणजे संशय नव्हता.

“तुमच्या पाळीत काही राहिलं का हो?”

“गोंगाट खूप होता, साहेब.”

“ते मी विचारलं नाही.”

“नाव कळलं नाही, तर आपण लिहीत नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “उत्तर दिलं असेल तर निदान कंसात ‘अडथळा’ लिहितो आपण. तुम्हीच शिकवता पोरींना.”

“चुकलं.”

“दुरुस्तीची मुदत बुधवार सकाळपर्यंत आहे. वही जपून ठेवा. सहा महिने ती सरकारी मालमत्ता आहे, तुमची नाही.” मग जरा हसून म्हणाले, “आणि चेहरा जरा बरा करा, कुणी गेल्यासारखा झालाय.”

मी ‘चुकलं’ म्हटलं, हे प्रामाणिक होतं का? मी विसरले असं त्यांना वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

शुक्रवार, ८

सोमवारच्या नोंदीत मी खोटं लिहिलं आहे. जिथे कुणी वाचणार नाही तिथेही मी खोटं लिहिते, हे नवीनच कळलं.

कोण ओरडलं ते मला माहीत आहे. मी पाहिलं. सभासदांकडे तोंड करून बसणाऱ्यांना ओठ दिसतात. मानही न हलवता, हातातल्या कागदाआड तोंड धरून ते बोलले. कागद समोरच्यांपासून लपण्यापुरता होता. खाली, बाजूला बसलेल्या माझ्यापासून नव्हता.

ते विरोधी बाकावर नव्हतेच. बाईंच्याच पक्षाचे उपनेते, बाईंच्या बरोब्बर मागच्या रांगेत. गुरुवारच्या निवडीतले दुसरे उमेदवार. आवाज पाठीमागून आला, पण बाईंनी हात समोर केला. आपल्या माणसाकडून येईल असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

आणि हेही लिहून टाकते. गेल्या वर्षी ह्यांची इकडे बदली याच उपनेत्यांच्या चिठ्ठीने झाली. हे धरणाच्या कामावर अभियंते. तीन वर्षं तिकडे दूर पत्र्याच्या घरात एकटे, इकडे मी आणि सासूबाई. मी एकदा अर्ज घेऊन उपनेत्यांकडे गेले, त्यांनी उभ्या उभ्या सही केली. काही मागितलं नाही, पुढेही कधी नाही. भला माणूस आहे.

म्हणून मी गाळलं, असं नाही. मी बाईंसाठीच गाळलं. पण मग नाव ‘नक्की सांगता येणार नाही’ असं का लिहिलं?

आज जिन्यात ते भेटले. थांबून म्हणाले, “काय म्हणताहेत इंजिनिअरसाहेब? रमले ना घरात?”

“हो, रमले.”

“छान. घरचं माणूस घरात असावं. बाकी सगळं मिथ्या.” आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. किंवा पाहिलं नसेल. आता मला सगळेच वहीकडे बघताहेत असं वाटतं.

रविवार, १०

बाईंच्या घरी जाऊन आले. सकाळी नऊला, भाजी आणायला जाते सांगून. पिशवी तशीच रिकामी परत आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाजार बंद होता की डोकं?”

बाई ओले केस पंच्यात गुंडाळून दारात आल्या. मला वाटलं होतं पहारेकरी, चिटणीस, गर्दी. घरात फक्त एक म्हातारी आत्या रेडिओ ऐकत होती. बाईंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं आणि स्वतः फोडणीचं बघत उभ्या राहिल्या.

“तुम्ही त्या टेबलावरच्या ना? डावखुऱ्या?”

मी सगळं सांगितलं. वाक्य मी गाळलं, का गाळलं, पान कुठे संपलं. त्यांनी गॅस बंद केला.

“म्हणजे माझी अब्रू झाकायला गेलात आणि मला उघडं पाडलंत.”

“हो.”

“माझा नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली. गेला म्हणजे निघून गेला. अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्हाला कोणी सांगितलं झाकायला?” आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. मग म्हणाल्या, “कोण होतं?”

मी सांगितलं.

त्यांनी फोडणीवर झाकण ठेवलं. आतून आत्याने विचारलं, “कोण आलंय गं?” तर “कामाचं माणूस” एवढंच म्हणाल्या. मग एकदम हसल्या, ते मला आवडलं नाही की कळलं नाही, हे अजून ठरत नाही. “मागून होय! आणि मी वेडी समोरच्यांवर चवताळले.”

त्यांनी मला कागद दिला. वहीतलं ते अर्धं मिनिट साध्या लिपीत, नावासकट लिहून खाली सही, तारीख. मी लिहून दिलं. एकच प्रत. त्यांनी घडी घालून डब्यांच्या फळीवर ठेवली. मला इतकं हलकं वाटलं की येताना दोन थांबे चालत आले. आता त्या ते अध्यक्षांना दाखवतील, आणि सुटेल सगळं.

सोमवार, ११

नवल झालं. उपनेत्यांनी दुपारी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की ते निवडीतून माघार घेताहेत, आपली अकरा मतं बाईंच्या पाठीशी उभी करताहेत. “पक्षाची एकी महत्त्वाची” म्हणाले. चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होता, पण म्हणाले. मला वाटतं, त्यांचं मन त्यांना खात असणार. माणसं बदलतात. मी त्यांच्याविषयी शुक्रवारी जे लिहिलं ते जरा जास्तच झालं की काय?

पण अध्यक्षांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता ग्रंथालयाच्या बोळात अध्यक्षच समोरून आले. एकटेच. हल्ली भिंतीच्या कडेने चालतात. मी बाजूला झाले, तर थांबले.

“तुम्ही खालीच बसलेल्या होतात. माझा एक कान गेलाय, तुम्हाला माहीतच आहे. ती खरंच मला म्हणाली का हो तसं?”

मी म्हणाले, “साहेब, प्रतिवेदकाने मत द्यायचं नसतं.”

“खरंय, खरंय.” त्यांनी मान हलवली. “नाही, एवढंच की, आमची ही असताना बाई घरी यायची. हिच्याशी गप्पा मारत बसायची तासन् तास. म्हणून विचारलं.” आणि भिंतीकडेने निघून गेले.

मी तिथून थेट बाईंच्या कार्यालयात गेले. म्हटलं, तो कागद द्या, उद्याच दुरुस्ती देते.

“कसला कागद?” बाई म्हणाल्या. फायलीवरून डोळेही उचलले नाहीत.

मला वाटलं, त्यांचा चिटणीस खोलीत आहे म्हणून. तो बाहेर गेला. त्या तेच म्हणाल्या, “कसला कागद? अहो, बुधवारी मी अध्यक्षांची माफी मागणार आहे. मोठ्या मनाने. प्रस्ताव मागे जाईल. तुम्ही घरी जा, झोपा. तुमचं चांगलं चाललंय, चांगलंच चालू दे.”

मंगळवार, १२

काल झोप नाही. ह्यांना सगळं सांगितलं, सकाळी, हे दाढी करत असताना.

“म्हणजे तिने त्याला कागद दाखवला,” हे म्हणाले, “आणि त्याने अकरा मतं दिली.”

“तसं कशावरून?”

“अगं, शाळेत आहेस का तू?”

मी अजूनही म्हणते, तसं कशावरून? पण कागदाचा दुसरा काही उपयोग झालेला मला दिसत नाही.

“दुरुस्ती दिली तर तुमची बदली होईल,” मी म्हणाले.

ह्यांनी गालाचा साबण पुसला. बराच वेळ पुसला. “पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात पंखा फिरतो आणि गरम हवाच ढवळतो, एवढं लक्षात ठेव. बाकी तू ठरव.” चिडून म्हणाले का परवानगी दिली? विचारलं तर म्हणाले, “ते तूच टिपून घे, तू टिपणारी.”

दिवसभर हिशोब करत होते. दुरुस्ती दिली तर उपनेते उघडे पडतील, बाईंच्या हातातला कागद रद्दी होईल, अकरा मतं जातील. बाई पडतील कदाचित. पहिल्यांदा एक बाई तिथवर पोचली आणि मी, एक बाईच, तिला पाडणार. न दिली तर एक म्हातारा माणूस मरेपर्यंत समजत राहील की त्याच्या बायकोच्या मैत्रिणीने भर सभागृहात तिची थट्टा केली. माफी मागितली म्हणजे तर पक्कंच झालं. जे म्हटलं नाही त्याची माफी कोण मागतं?

मी बाईंसाठी गाळलं नव्हतं. उपनेत्यांचे ओठ पाहिले त्या क्षणीच मला पत्र्याचं घर आठवलं होतं. बाईंची अब्रू मला जिना चढताना सुचली.

बुधवार, १३

सकाळी साडेआठला कातरींच्या टेबलावर वही ठेवली, दुरुस्तीचा कागद ठेवला. सहाव्या पानाच्या शेवटी उपनेत्यांचं पद, नाव, पुढे ते वाक्य. त्यांनी वही स्वतः वाचली. लघुलिपी सगळ्यांची थोडी थोडी वेगळी असते, त्यांना माझी येते.

“एवढं स्वच्छ टिपलंय,” ते म्हणाले, “आणि तुम्ही मला गोंगाट म्हणालात.” सही केली. नंतर माझ्याशी बोलले नाहीत.

अकराला दुरुस्ती प्रत्येकाच्या बाकावर होती. पाळी माझीच होती. बाईंनी कागद वाचला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली वहीत पाहिलं.

उपनेते उठले. “अध्यक्षमहाराज, हे बनावट आहे. नऊ दिवसांनी कुणाला तरी स्वप्न पडलं!” मागून हशा. “कुणी टिपलं हे? कुणाच्या सांगण्यावरून?”

अध्यक्षांनी डोळ्यांजवळ धरून कागद दोनदा वाचला. मग जे कधी होत नाही ते झालं. ते आसनावरून खाली वाकले आणि मला म्हणाले, “उभ्या राहा.”

सभागृहात आम्ही बोलत नाही. आम्ही नसतोच तिथे. मी उभी राहिले तेव्हा पेन्सिल कुठे ठेवावी कळेना.

“हे तुम्ही ऐकलंत?”

“हो, अध्यक्षमहाराज.”

“मग त्या दिवशी का लिहिलं नाहीत?”

सदतीस अधिक सगळे विरोधक, वरची गॅलरी, माझ्या पाठीशी अध्यक्ष. मी वळून त्यांच्याकडे तोंड केलं.

“भीतीने,” मी म्हणाले. “माझ्या नवऱ्याची बदली यांनी करून दिली होती.”

बाकांवरून जे काही उसळलं ते माझ्यानंतरच्या प्रतिवेदकाने धावत येऊन टिपलं. माझी पाळी मध्येच तोडली गेली. अध्यक्षांनी हक्कभंगाचा प्रस्ताव फेटाळला. मग, नियमात बसत नसताना, बाईंना म्हणाले, “मी तुमच्याविषयी वाईट विचार केला. आठवडाभर केला.” आणि कामकाज अर्ध्या तासासाठी थांबवलं.

 माफीचं भाषण बाईंच्या हातात तसंच होतं.

शुक्रवार, १५

काल निवड झाली. उपनेते पुन्हा उभे राहिले. बाई एकोणीस, उपनेते अठरा.

आज सकाळी दोन गोष्टी आल्या. ह्यांच्या बदलीचा हुकूम, धरणावर, आठ दिवसांत हजर. सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, “मी याच्याबरोबर जाते. तू इथे राहा आणि लिही काय लिहायचं ते.” टोमणा होता असं मी धरून चालले होते. पण त्या खरंच पेटी काढून बसल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे बाईंचा निरोप. नव्या कार्यालयात, अजून जुन्या नेत्यांचा वास असलेल्या खोलीत, त्या उभ्याच होत्या. टेबलाशी बसलेल्या नव्हत्या.

“लोक म्हणताहेत, तुमच्यामुळे निवडून आले.”

मी दाराशीच उभी राहिले.

“तुमच्यामुळे नाही. तुमच्याशिवायही आले असते. तीस मतं घेऊन आले असते आणि उपनेता माझ्या मुठीत असता. आता एका मताने आले. रोज सकाळी उठून ते एक मत कुणाचं होतं आणि अजून आहे का, ते शोधायचं.” खिडकीशी गेल्या, परत आल्या. “तुम्ही मला खरं दिलंत. मला अकरा माणसं हवी होती.”

“अध्यक्षसाहेबांनी मला विचारलं होतं,” मी म्हणाले. “बोळात.”

त्या थबकल्या. “काय विचारलं?”

“बाई खरंच मला म्हणाली का, म्हणून. तुम्ही त्यांच्या घरी जायचात, म्हणाले.”

त्यांनी टेबलावरची कोरी फाईल सरळ करून ठेवली.  मग पुन्हा त्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, “तो उपनेता पाच वर्षं माझ्या पाठीमागे बसून गप्प राहिला असता. आता रोज बोलेल. सोमवारपासूनच सुरू करेल.”

“बोलू द्या,” मी म्हणाले. “मी लिहून घेईन.”

कुठून बोलले, मलाच कळलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग होता, थकवा होता, आणखी काहीतरी होतं, ते मला नीट वाचता आलं नाही.

“नावासकट?”

“नावासकट.”

“मी बोलले तरी?”

“तुम्ही बोललात तरी.”

त्या खुर्चीत बसल्या. मी खोलीत गेल्यापासून पहिल्यांदाच. फाईल पुढे ओढली आणि म्हणाल्या, “जा आता. दार ओढून घ्या.”